कंपनीचे माहेर

माझ्या इवायांनी उभ्या जन्मात एकाही गोष्टीला पहिल्या शब्दात होकार दिला असेल, असे मला वाटत नाही. आणि हे मी गाऱ्हाणे म्हणून लिहीत नसून, एखाद्या व्रतस्थाचे व्रत वर्णावे तितक्या आदराने लिहीत आहे. आमच्या झाडीपट्टीत व्याह्याला इवाई म्हणतात. माझी कन्या त्यांच्या सुधाकरला दिली, त्या दिवसापासून हे गृहस्थ माझ्या आयुष्यात आले, आणि गोंदियाच्या पाठशाळेत मुलांकडून रूपावली घोकून घेण्यात ज्याचा काळ गेला, अशा माझ्यासारख्या निमूट माणसाला वाद नावाच्या एका नव्याच उपासनेची दीक्षा मिळाली. इतर माणसे भेटल्यावर ‘रामराम’ म्हणतात, इवाई ‘काऊन?’ म्हणत. काऊन म्हणजे का. ‘इवाई, आभाळ भरून आले आहे,’ असे मी म्हणावे, की त्यांनी आभाळाकडे न पाहता माझ्याकडे रोखून पाहावे आणि विचारावे, ‘काऊन?’ मग आभाळ का भरून येते याची कारणे देता देता मी अंगणातच भिजून जाई, आणि ते छपरीत बसून पुढचा प्रश्न तयार करीत. तिरोड्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना मीठ सोडायला सांगितले, तर ‘म्या सोडलं तं ते दुसऱ्याच्या भाजीत जाईन ना जी? त्याले काऊन मारता?’ असा प्रश्न करून त्यांनी त्या विद्वानाला इतके हैराण केले की शेवटी त्यानेच ‘थोडे चालेल’ अशी तडजोड केली. लोक त्यांना हेकट म्हणत. म्हणोत बापडे. सगळ्या गोष्टींना हो म्हणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आज मला आठवत नाही.

त्यांच्या विरोधाला एक गाभा होता, आणि तो गाभा म्हणजे त्यांचे गाव, आंजनडोह. गावाचे नाव कोणी गाळले, की त्यांचा श्वास वाढे. विवाह आंजनडोहातच होता, आणि त्या दिवशी पुरोहित संकल्प सांगू लागले. कोणतेही धर्मकृत्य आरंभताना आपण कोठे आहोत आणि कोणत्या काळी आहोत, हे आधी उच्चारावे लागते, हे सर्वांना ठाऊकच आहे. पुरोहितांनी सवयीने गोदावरीचे तीर सांगितले. तेवढ्यात वरपित्याचा हात वर झाला. ‘थांबा जी म्हाराज. गोदावरी कुठं दिसून रायली तुमाले?’ पुरोहित म्हणाले, ‘अहो, अशी पद्धत आहे.’ ‘ज्या तलावाचं पानी पिऊन हे पोरगं मोठं झालं, त्याचं नाव नाई घ्याचं, आनि जिले आमी डोऱ्यानं पायलं बी नाई, तिचं घ्याचं. काऊन?’ मांडवात हसू पसरले, मुहूर्ताची घटका पुढे सरकू लागली, आणि पुरोहित केविलवाण्या नजरेने माझ्याकडे पाहू लागले. मी वधूपिता, मला रागावण्याचा अधिकारच नव्हता. मी हळूच पुढे झालो आणि तलावाच्या नावाची षष्ठी त्यांच्या कानात सांगितली. आंजनतडागाच्या पूर्वतीरी माझ्या मुलीचा विवाह झाला. शास्त्र मला विचाराल, तर त्या दिवशी चूक पुरोहितांची होती.

एसटीच्या वाहकांशी त्यांचे जे युद्ध झाले, तेही याच गाभ्यातून. गाडी फाट्यावर उतरवी आणि तिकिटावर मात्र आंजनडोह छापलेले असे. एका दुपारी इवाई उतरलेच नाहीत. ‘हा फाटा माझं गाव होय का? मंग तिकीट फाट्याचं द्या, नाई तं गाडी गावाची करा.’ गाडी उभी, प्रवासी घामाघूम, एक बाई ‘अरे भैया, छोड आओ इनको, बच्चा रो रहा है’ म्हणून ओरडत होती. अखेर चालकाने गाडी गावात नेली, आणि पुढे तेथे खरोखरच थांबा झाला. सरकारी कचेरीत जाताना ते भर वैशाखात काळा लोकरीचा कोट घालून जात. मी एकदा कारण विचारले. ‘साहेब पंख्याखाली बसून ऱ्हायते जी इवाई. आपला घाम त्याले दिसला पायजे.’ घाम दिसे. इतका दिसे, की साहेब त्यांचे काम लवकर हातावेगळे करून खिडकी उघडत.

असा माणूस एके दिवशी कंपनीच्या भानगडीत पडला, आणि त्याचे कारण शिंगाडा. आंजनडोहाचा तलाव इवायांच्या पूर्वजांनी बांधला. त्याच्या मातीच्या बांधाला गावात पार म्हणतात, आणि त्या पाराच्या आत ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरच्या बाया पिढ्यान्पिढ्या शिंगाडा लावीत आल्या. गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून काढलेला तो काटेरी शिंगाडा व्यापारी ओलाच उचलून नेत, आणि त्याचे पीठ होऊन आपल्या एकादशीला आपल्या ताटात येई, तेव्हा त्यावर भलत्याच शहराचे नाव असे. सुधाकर नागपूरची नोकरी सोडून गावी परतला होता. त्याने ठरवले, की शिंगाडा येथेच उकडावा, येथेच वाळवावा, येथेच दळावा आणि पुड्यांत भरून विकावा. नव्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी नुकतीच शक्य झाली होती. धंदा बुडाला तरी भागीदाराचे घरदार बुडत नाही, एवढा त्यातला अर्थ त्या बायांना पटला. त्यांची पुढारी सेवंताबाई. तिच्यासह काही बाया, सुधाकर आणि इवाई असे भागीदार ठरले. कायदा तिला भागीदारी म्हणो, गावाने पहिल्या दिवसापासून तिला कंपनीच म्हटले.

आता प्रश्न उरला एकच: कंपनीची नोंदणी कोठल्या पत्त्यावर करायची? आमचा जिल्हा तीन राज्यांच्या तोंडाशी. सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे छत्तीसगडात करा, तिकडे मुद्रांक स्वस्त पडतो. कोणी म्हणे बालाघाट जवळ. कोणी म्हणे थेट मुंबईचा पत्ता घ्या, पुडीवर शोभून दिसेल. नागपूरचे सीए साहेब, मोठे सौम्य आणि घड्याळाकडे पाहून बोलणारे गृहस्थ, त्यांचे मत नागपूरला होते. आणि तेथलाच एक पिठाचा व्यापारी मोसमाचा सगळा माल उचलायला तयार होता. कंपनीचा पत्ता माझ्याच इमारतीत घाला, एक खोली फुकट देतो, एवढीच त्याची अट. सुधाकरला ते वरदान वाटले. इवायांना ते विचारले, तेव्हा त्यांनी काय विचारले असेल, हे वाचकांना सांगायला नको. पण या वेळी ‘काऊन’वर ते थांबले नाहीत, सरळ ‘नाई’ म्हणाले, आणि बापलेकांचे बोलणे बंद पडले.

सुधाकर माझ्याकडे गोंदियाला आला. सावकाश बोलणारा मुलगा, पण त्या दिवशी त्याचा आवाज फुटला होता. ‘मामाजी, बाबांना तुम्हीच सांगा. हा मोसम गेला तर माझ्याने पुन्हा होणार नाही. मी नागपूरला परत जाईन, नोकरी बघेन. मग तो तलाव आणि ते बाबा.’ माझी मुलगी त्याच्या मागे उभी होती. तिला गाव सोडायचे नाही, हे मला तिच्या उभे राहण्यावरून कळले. मी दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा आटोपून आंजनडोहाची गाडी धरली. एका हट्टी माणसाचे मन वळवायला आपण निघालो आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

इवाई पारावर बसले होते. खाली पाण्यात सेवंताबाई डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, शिंगाड्याचे वेल तपासत होती. ‘बसा जी इवाई. पोरानं पाठवलं ना?’ मी नाही म्हणू शकलो नाही. मी शक्य तितक्या शांतपणे नागपूरचे फायदे मांडले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मले एक सांगा. तुमचा तो सीए म्हनते, का कायद्यात कंपनी मानूस होय. खरं हाये का?’ मी म्हणालो, खरे आहे. कायदा तिला स्वतंत्र व्यक्ती मानतो. ‘मंग पयलं बाळंतपन सासरी करतेत का माहेरी?’ मी म्हणालो, ‘माहेरी.’ ‘हा. तं नागपूर तिचं सासर. जाईन तिकडं, नांदीन, चांगली मोठी होईन, माझी काई हरकत नाई. पन जल्म इथं. सासरच्या घरी जल्मलेल्या पोरीले माहेर कोनतं सांगाल तुमी?’ न्यायशास्त्राच्या अंगाने या युक्तिवादात दहा दोष काढता आले असते. मी एकही काढला नाही. कारण मला त्याच क्षणी जाणवले, की व्यापाऱ्याच्या इमारतीत जन्मलेली ही पोर उद्या व्यापाऱ्याचेच आडनाव लावील.

तरी मी मध्यम मार्ग सुचवला. ‘ठीक आहे, मग तुमच्या घरचा पत्ता द्या. तुमची छपरी ऐसपैस आहे.’ त्यावर ते माझ्यावर असे संतापले, की डोंग्यातली सेवंताबाई वर पाहू लागली. ‘माझ्या छपरीत? पान्याचा निवाडा आजवर कोनाच्या छपरीत झाला का जी? पारावरच झाला. माझ्या बापाच्या टायमाले बी, त्याच्या बापाच्या टायमाले बी. काऊन? मानूस दुसऱ्याच्या घरी गेला, त्याचा चहा पेला, का त्याच्या तोंडावर त्याले नाई म्हनता येत नाई.’ आयुष्यभर साऱ्या जगाला नाही म्हणणारा हा माणूस दुसऱ्यांना आपल्याला नाही म्हणता यावे म्हणून जागा शोधत होता, हे मला इतक्या वर्षांत कधी उमगले नव्हते. खालून सेवंताबाई ओरडली, ‘गुरुजी, नागपूरले मले कोन नेईल? आनि नेलंच, तं खुर्चीवर बसवतीन. खुर्चीवर माझं तोंड नाई उघडत, सांगून ठेवते!’ ‘इथं तरी कुठं बंद होते तुझं तोंड?’ इवाई म्हणाले. ‘तुमच्यासंग राहून बिघडलं जी भाऊजी!’

मी जावयाकडे परतलो तो इवायांचा वकील होऊन. सुधाकरने डोक्याला हात लावला. पण एवढे म्हणाला, की बाबांनी मोसमाच्या आत पत्ता उभा करून दाखवावा, तर मी थांबतो. सीए साहेबांनी दूरध्वनीवरून हसू दाबत सांगितले, की तलावाबरोबर पारही आता सरकारजमा आहे, तेथे कंपनी नोंदता येत नाही. खासगी जागा हवी, त्या जागेचे विजेचे बिल हवे, आणि मालकाचे संमतिपत्र हवे. झाले. इवायांनी पाराला लागून असलेली आपल्या शेताची एक पट्टी मोकळी केली आणि तेथे एक खोली बांधायला घेतली. दार घराकडे न ठेवता पाराकडे ठेवले, म्हणजे येणाऱ्याला कोणाच्या अंगणातून यावे लागू नये. मग काळा कोट चढवून ते वीज कचेरीत गेले; साक्षीला मी. तेथील कारकुनाने विचारले, ‘या खोलीत राहतं कोण?’ ‘कंपनी.’ ‘कुठं आहे कंपनी?’ ‘जल्मली नाई अजून.’ ‘अहो, मग मीटर कोणासाठी?’ ‘बाळंतपनाच्या खोलीत उजेड नको का जी?’ कारकुनाने माझ्याकडे पाहिले. मी तिलकधारी, वृद्ध, गंभीर; मी मान हलवून दुजोरा दिला. असे खोटे नसलेले आणि तरी अविश्वसनीय वाक्य मी, वेळ आली असती तर, शपथेवरही सांगितले असते.

मीटर लागले, बिल आले, आणि गाडी अडली ती अगदी अनपेक्षित जागी. संमतिपत्राचा मसुदा नागपूरहून आला, आणि त्यात लिहिले होते, की या जागेत कंपनीचे कार्यालय असण्यास माझी कोणतीही हरकत नाही. इवायांनी ते वाचले, पुन्हा वाचले, आणि घडी घालून माझ्या हाती दिले. ‘हे माझ्याच्यानं नाई होनार.’ सुधाकर म्हणाला, ‘बाबा, खोली तुम्हीच बांधली! हट्ट तुमचाच!’ ‘खोलीची हरकत नाई रे. पन ‘‘कोनतीही’’? उद्या ह्या कंपनीनं बायायचं बोलनं आयकलं नाई, तं म्या काय मुकाट बसू? कोनतीही हरकत नाई असं लिहून देनारा मानूस मेल्यावानी असते.’ सीए साहेबांना विचारले. अटी घालता येत नाहीत म्हणाले. बाहेर शिंगाड्याचे ढीग उन्हात पडले होते. व्यापारी कंटाळून दुसऱ्या गावाकडे वळला होता. सुधाकरने नागपूरच्या नोकरीचे पत्र लिहायला घेतले होते. इवाई तो कागद घेऊन पारावर जाऊन बसले. आम्ही कोणी मागे गेलो नाही. सेवंताबाई मात्र गेली. ती काय बोलली, हे मला पुढे तिनेच सांगितले: ‘म्या म्हनलं, भाऊजी, तुमी कागदावर हरकत सोडा. तोंडी हरकत आमी घेऊ, आमाले येते आता.’

ऊन उतरताना ते खाली आले आणि त्यांनी सही केली. त्या दिवशी त्यांनी कोणालाही ‘काऊन’ विचारले नाही. वर्षानुवर्षे पाळलेला नेम देवासमोर मोडावा लागलेल्या माणसाची जी अवस्था होते, ती मी ओळखतो. मी त्यांच्या शेजारी नुसता बसून राहिलो.

कंपनी आंजनडोहात जन्मली. मुंबईच्या निबंधकांकडून आलेल्या प्रमाणपत्रावर आमच्या गावाचे नाव छापून आले, तेव्हा गावकऱ्यांनी ते हातोहात पाहिले. व्यापारी गेला तो गेलाच. पहिल्या मोसमाचे पीठ सुधाकर आणि माझी मुलगी गोंदियाच्या बाजारात दुकानोदुकानी घेऊन हिंडली. एक मारवाडी दुकानदार पुडी उलटसुलट करून म्हणाला, ‘ये आंजनडोह कहाँ पड़ता है?’ माझी मुलगी म्हणाली, ‘आप जहाँ बैठे हैं, वहाँ से सीधे जाइए, तालाब मिलेगा.’ सासऱ्याचा गुण लागला होता. महाशिवरात्रीपर्यंत सगळे पीठ संपले, आणि सुधाकरने नोकरीचे अर्धे लिहिलेले पत्र चुलीत घातले.

भागीदारांच्या पहिल्या बैठकीला सीए साहेबांना नागपूरहून यावे लागले. बूट हातात घेऊन ते पारावरून चालत आले, आणि सतरंजीवर बसले. इवायांनी ठराव मांडला, की पुडीवर त्यांच्या पूर्वजाचे नाव छापावे. तलाव त्यानेच बांधला ना? मला तो रास्त वाटला. सुधाकरलाही वाटला. सेवंताबाईने पदर सावरला. ‘नाई जी भाऊजी. तलाव त्यायनं बांधला, पन शिंगाडा आमच्या सासवायनं लावला. नाव घालाचं तं साऱ्यायचं घाला, नाई तं कोनाचंच नको. गावाचं हाये तेवढं पुरे.’ सगळ्या बायांनी हात वर केले. ठराव पडला. मी भीतभीत इवायांकडे पाहिले, तर ते असे प्रसन्न झाले होते, जणू नातू पहिल्यांदा चालला होता. ‘पायलं का जी इवाई?’ ते माझ्या कानात म्हणाले. ‘चहा पेला नव्हता ना तिनं.’

इवाई गेले त्याला आता काही वर्षे झाली. रुग्णालयात शेवटच्या दिवसांत परिचारिकेने ‘बाबा, आता झोपा’ म्हटले, तेव्हा त्यांनी कारण विचारले, असे मुलगी सांगते. त्यांच्या पश्चात कंपनी वाढली, नागपुरात मोठे गोदाम झाले, आणि स्वाभाविकपणे कोणीतरी बैठकीत विषय काढला, की नोंदणीचा पत्ताही आता तिकडेच हलवावा. रस्ता खराब, वीज जाते, पत्रे उशिरा येतात. मी पाहुणा म्हणून भिंतीला टेकून बसलो होतो. कोणी विरोध केला नाही. पण कोणी होकारही दिला नाही. ज्या कोपऱ्यातून आता एक कठोर शब्द यायला हवा होता, त्या कोपऱ्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या, आणि तेथे इवाई बसत ती नुसती घोंगडी होती. तेव्हा सुधाकरने घसा खाकरला. तो आपल्या शांत, शहरी, सावकाश भाषेत म्हणाला, ‘ज्यांना पत्रं लवकर हवी असतील त्यांनी फोन करावा. पत्ता हलणार नाही.’ सेवंताबाईने मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

मी एसटीच्या थांब्यावर येऊन उभा राहिलो. मन भरून आले होते. पूर्वी अशा वेळी मी नामस्मरण करीत असे. त्या संध्याकाळी मात्र मला कोणाशी तरी कडाडून वाद घालावासा वाटत होता, आणि थांब्यावर उभा असलेला प्रत्येक माणूस माझ्या प्रत्येक म्हणण्याला नम्रपणे हो म्हणत होता.